जखमी बदक, मोटरबोट आणि कायदा

गेल्या सेमिस्टरला आमच्या मेसमध्ये एका व्हिडिओवरून चांगलीच जुंपली होती. व्हिडिओ अमेरिकेतला. एक शिकारी बदकावर गोळी झाडतो, बदक पाण्यात पडतं, पण मरत नाही, पोहत लांब जायला लागतं. मग तो गडी मोटरबोट सुरू करून त्याच्या मागे लागतो आणि बदक उचलून आणतो. एकाने विचारलं, "हे लीगल आहे का?" दुसरा लगेच म्हणाला, "ते सोड, आपल्या हतनूरला असं जखमी बदक दिसलं तर आपण मोटरबोट घेऊन आणू शकतो का? आपण तर वाचवायलाच जाणार ना!"

दोन्ही प्रश्न चांगले आहेत आणि दोघांची उत्तरं वेगळी आहेत. मी कायद्याचा विद्यार्थी नाही, मेकॅनिकलचा आहे. पण गेली तीन वर्षं हिवाळ्यात पक्षी बघायला हतनूरला जातो, त्यामुळे या विषयावर थोडं वाचलं, वनखात्याच्या लोकांना आणि मासेमारी करणाऱ्या मंडळींना विचारलं. जे समजलं ते इथे सांगतो.

हतनूर आपल्याला किती जवळ!

फैजपूर म्हटलं की बाहेरच्यांना केळी आणि १९३६ चं काँग्रेस अधिवेशन आठवतं. पण आपल्या हॉस्टेलच्या बऱ्याच मुलांना हे माहीत नसतं की अर्ध्या-पाऊण तासावर पाणपक्ष्यांचं एवढं मोठं ठिकाण आहे. तापी नदीवरचं हतनूर धरण १९८२ साली पूर्ण झालं. त्याला ४१ दरवाजे आहेत. पावसाळ्यात "हतनूरचे इतके दरवाजे उघडले" ही बातमी आपण दरवर्षी वाचतोच. धरणाच्या वरच्या अंगाला चांगदेवजवळ तापी आणि पूर्णा यांचा संगम आहे. या दोन्ही नद्यांनी आणलेला गाळ वर्षानुवर्षं साचत गेला आणि बॅकवॉटरमध्ये उथळ पाणी, चिखलाची बेटं, पाणवनस्पती तयार झाल्या. इरिगेशनवाल्यांसाठी हा गाळ डोकेदुखी, पण बदकांसाठी तयार ताट.

त्यामुळे नोव्हेंबर ते मार्च इथे चक्रवाक, तलवार बदक, थापट्या, लालसरी असे पाहुणे उतरतात. सायबेरिया, मंगोलिया, तिबेट इकडून येतात. पट्टकादंब म्हणजे डोक्यावर दोन काळे पट्टे असणारा राजहंस तर हिमालय ओलांडून येणारा पक्षी. हळदी-कुंकू बदक, अडई, वारकरी, टिबुकली, पाणकावळे हे आपल्या देशातलेच रहिवासी. जानेवारीत आशियाभर पाणपक्षी गणना होते, ती १९८७ पासून चालू आहे. एकदा तरी कुणाबरोबर जाऊन बघा. सबमिशनचा ताण निम्म्याने कमी होतो, हा स्वानुभव.

आधी शिकारीचा काळ

आज आपल्याला बदकाची शिकार हा गुन्हा वाटतो, पण ही गोष्ट फार जुनी नाही. ब्रिटिश काळात बदकांची शिकार हा साहेबांचा आणि संस्थानिकांचा मोठा सोहळा असायचा. राजस्थानात भरतपूरला १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्या उपस्थितीत एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले गेले. हा आकडा तिथे दगडावर कोरलेला आहे. त्याच जागेवर आज केवलादेव राष्ट्रीय उद्यान आहे.

आपल्याकडे मुंबई राज्यात १९५१ साली वन्य प्राणी व पक्षी संरक्षणाचा स्वतंत्र कायदा झाला. नंतर १९७२ साली केंद्राचा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम आला. आता गंमत बघा. १९७२ चा कायदा आला तेव्हा शिकार पूर्ण बंद नव्हती. लायसन्स मिळायचं. मोठ्या जनावरांसाठी वेगळं, छोट्या शिकारीसाठी वेगळं. पण लायसन्स असलं तरी काही गोष्टींना मनाई होती, ती कलम १७ मध्ये लिहिलेली होती. त्यात पहिलीच मनाई अशी की जमिनीवर किंवा पाण्यावर यंत्राने चालणाऱ्या वाहनातून शिकार करायची नाही. विमान, मोटार किंवा लाँच वापरून प्राण्यांना हाकायचं, उधळायचं नाही. म्हणजे मोटरबोटीचा मुद्दा आपल्या कायद्याने पन्नास वर्षांपूर्वीच विचारात घेतला होता.

कारण साधं आहे. बदकाचा वेग आणि बुडी मारायची कला हेच त्याचं संरक्षण. इंजिन आलं की हा सामना एकतर्फी होतो. शिकारीच्या लोकांनाही ते पटलेलं होतं.

पुढे १९९१ च्या दुरुस्तीने लायसन्सची पद्धतच काढून टाकली. त्याबरोबर कलम १७ ची गरज उरली नाही, तेही गेलं. शिकारच बंद, तर ती कशातून करायची याचे नियम कशाला?

मग अमेरिकेत कसं चालतं?

तिकडे बदकांची शिकार आजही कायदेशीर आहे. लायसन्स, ठरलेला हंगाम, दिवसाला किती पक्षी याची मर्यादा, असं सगळं आहे. १९१८ च्या स्थलांतरित पक्षी कायद्याखाली केंद्राचे नियम आहेत. त्यात मोटरबोटीचा नियम असा: चालत्या मोटरबोटीतून गोळी झाडायची नाही. इंजिन पूर्ण बंद पाहिजे आणि बोटीची पुढे सरकण्याची गतीही थांबलेली पाहिजे. मात्र मेलेला किंवा जखमी पक्षी आणायला इंजिन चालू करून गेलं तरी चालतं. पण तसं जाताना त्या जखमी पक्ष्यावर चालत्या बोटीतून पुन्हा गोळी झाडायची नाही. (समुद्री बदकांच्या बाबतीत काही किनारी भागांपुरता अपवाद ठेवलेला आहे.)

आणायला परवानगी का दिली? कारण तिथे दुसराही नियम आहे. पक्षी पाडला तर तो शोधून आणायचा रास्त प्रयत्न करणं शिकाऱ्यावर बंधनकारक आहे. जखमी पक्षी तडफडत सोडून पुढच्यावर नेम धरायचा, हे चालणार नाही. म्हणजे मेसमधल्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर: त्या व्हिडिओतला माणूस लायसन्सवाला असेल, हंगाम चालू असेल आणि त्याने बोट चालू असताना गोळी झाडली नसेल, तर त्याचं पक्षी आणणं तिथे कायदेशीर.

इंग्लंडमध्ये १९८१ चा वन्यजीव कायदा आहे. त्यात यंत्राने चालणारं वाहन घेऊन पक्ष्याचा पाठलाग करून मारायला किंवा पकडायला बंदी आहे. पण दुसऱ्या एका कलमात स्पष्ट म्हटलंय की, जखमी पक्षी केवळ शुश्रूषा करून बरा झाल्यावर सोडून द्यायच्या हेतूने उचलला, आणि तो तुम्हीच बेकायदेशीरपणे जखमी केलेला नसेल, तर तो गुन्हा नाही.

आपल्याकडे आज काय?

इथे नीट लक्ष द्या, कारण बहुतेकांचा गोंधळ इथेच होतो.

आपल्या कायद्यात "शिकार" या शब्दाची व्याख्या मोठी आहे. फक्त मारणं म्हणजे शिकार नाही. पकडणं, जाळ्यात अडकवणं, पाठलाग करणं, हाकणं, आमिष दाखवणं आणि यातलं काहीही करायचा प्रयत्न करणं, हे सगळं शिकारीत येतं. २०२२ च्या दुरुस्तीने (ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली) परिशिष्टं नव्याने मांडली. प्राण्यांसाठी आता पहिलं आणि दुसरं अशी दोन मुख्य परिशिष्टं आहेत आणि आपल्याकडची बहुतेक बदकं दुसऱ्यात आहेत. या गुन्ह्याला ३ वर्षांपर्यंत कैद, किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. पहिल्या परिशिष्टातला पक्षी असेल तर शिक्षा किमान ३ वर्षं आणि जास्तीत जास्त ७ वर्षं. वापरलेली बोट आणि साहित्य जप्त होऊ शकतं ते वेगळंच.

इंग्लंडसारखं "वाचवायला उचलला तर चालेल" असं सर्वसामान्य माणसासाठीचं सरळ कलम आपल्या कायद्यात नाही. म्हणून घाबरून जखमी पक्षी सोडून द्यायचा असा याचा अर्थ नाही. अर्थ इतकाच की आधी वनखात्याला कळवायचं आणि ते सांगतील तसं करायचं. महाराष्ट्र वनविभागाचा "हॅलो फॉरेस्ट" हा टोल फ्री नंबर १९२६ आहे. फोन केल्याची वेळ लिहून ठेवा. आपला हेतू काय होता हे सिद्ध करायची वेळ आली तर तो फोनच उपयोगी पडतो.

अजून एक कलम, ३९. बेकायदा शिकार झालेला किंवा मेलेला सापडलेला वन्यप्राणी ही सरकारची मालमत्ता असते. ती कुणाच्या हाती आली तर ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा वन अधिकाऱ्याला कळवावं लागतं. त्यामुळे "बरा होईपर्यंत हॉस्टेलच्या बाथरूममध्ये ठेवू" ही आयडिया विसरा. हे सगळं अभयारण्यातच लागू होतं असाही एक समज आहे. तो चुकीचा आहे. आपल्या उत्तरेला यावल अभयारण्य आहे, तिथे प्रवेशालाच परवानगी लागते. पण पक्ष्यांना कायद्याचं संरक्षण अभयारण्याच्या बाहेरही तेवढंच आहे, मग तो हतनूरचा जलाशय असो की गावाबाहेरचा पाझर तलाव.

बोटीचा कायदा आणखी वेगळा. यंत्राने चालणाऱ्या नौकांसाठी २०२१ चा अंतर्देशीय जलयान अधिनियम आहे. नोंदणी, तपासणी, चालवणाऱ्याची पात्रता अशा गोष्टी त्यात येतात. शिवाय जलाशय पाटबंधारे खात्याच्या ताब्यात असतो, तिथे कुणीही इंजिन लावून फिरावं असं नसतं. म्हणजे पक्ष्याच्या कायद्यातून सुटलात तरी बोटीच्या कायद्यात अडकू शकता.

आपल्याकडे बदकं जखमी होतात कशी?

बंदुकीने क्वचित. इथे मुख्य कारण आहे जाळं. तंगूसचं जाळं पाण्यात दिसत नाही. लालसरी, वारकरी, पाणकावळे, टिबुकली हे बुडी मारणारे पक्षी माशांसाठी लावलेल्या जाळ्यात अडकतात. मासेमारी करणाऱ्यांनाही ते नको असतं, कारण जाळं फाटतं. पण फाटून टाकून दिलेलं जाळं पाण्यात तसंच राहतं आणि वर्षानुवर्षं पक्षी पकडत राहतं. दुसरं कारण विजेच्या तारा. धुक्यात किंवा अंधारात थवा उडाला की धडकतो. तिसरं म्हणजे संक्रांतीचा नायलॉन मांजा. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये त्यावर देशभर बंदी घातली, तरी तो मिळतो हे आपण सगळे जाणतो. चौथं म्हणजे फासे लावून चोरून केलेली शिकार.

इंजिन पक्ष्यालाच नको असतं

आता समजा बदक जखमी आहे, वनखात्याचा माणूस सोबत आहे, बोटही आहे. मग इंजिन लावून सरळ जावं का?

माझा रूममेट दोन वर्षांपूर्वी जानेवारीत माझ्याबरोबर बॅकवॉटरला होता. काठापासून दोनेकशे मीटरवर एक छोटी लालसरी एका बाजूला कलून पोहत होती. पंखाला जाळ्याचा तुकडा लटकलेला दुर्बिणीतून दिसत होता. त्याचं म्हणणं, पलीकडच्या काठावर एकाकडे मोटर आहे, भाड्याने घेऊ, पाच मिनिटांत काम. तिथे जाळं आवरत बसलेल्या भोई काकांनी मान हलवली. म्हणाले, "भो, मोटर लावशीन तं ते बुडी मारीन. मंग कुठी निंघीन ते देवालेबी ठाऊक नही."

काकांनी एका वाक्यात जे सांगितलं तेच पुस्तकातही आहे. जखमी बदक उडू शकलं नाही तरी बुडी मारू शकतं. पाणवनस्पतीत शिरून फक्त चोचीचं टोक वर ठेवून ते बराच वेळ लपून राहतं. इंजिनाचा आवाज आला की ते पुन्हा पुन्हा बुडी मारतं आणि प्रत्येक बुडीला त्याची ताकद संपत जाते. करकोचे, रोहित अशा लांब पायांच्या पक्ष्यांचा पाठलाग केला तर स्नायूच निकामी होतात आणि पकडल्यानंतर एक-दोन दिवसांनी ते मरतात. म्हणजे पकडला, पण पकडण्यामुळेच मेला.

शिवाय एका बदकासाठी इंजिन फिरलं की आजूबाजूचे शेकडो पक्षी उठतात. हजारो किलोमीटर उडून आलेल्या पक्ष्याला इथे खाऊन चरबी साठवायची असते. दर वेळी उठवलं की ती खर्च होते.

आणि प्रोपेलर? आपण मेकॅनिकलवाले आहोत, हिशोब करू. इंजिन ५,००० आरपीएमला, गिअर रेशो २ धरला तर प्रोपेलर २,५०० आरपीएम, म्हणजे सेकंदाला साधारण ४१ फेरे. तीन पाती असतील तर एका जागेवरून सेकंदाला सुमारे १२५ वेळा पातं जातं. बुडी मारलेलं बदक बोटीखाली आलं तर काय होईल ते सांगायला नको. पाण्यात उतरलेल्या माणसाच्या पायाचंही तेच. आणि ज्या तंगूसच्या जाळ्याने बदक जखमी केलं, तेच जाळं प्रोपेलरला गुंडाळलं की इंजिन बंद आणि बोट भर पाण्यात.

बोट कलते कशी, थोडं गणित

फ्लुइड मेकॅनिक्समध्ये मेटासेंटर शिकताना "याचा उपयोग काय" असं वाटतं. हा घ्या उपयोग. एक लहान बोट, माणसांसकट वजन ४०० किलो, रुंदी १.२ मीटर, पाण्याच्या वर काठ ३० सेंटीमीटर, मेटासेंट्रिक उंची ०.४ मीटर धरा. ७० किलोचा एक जण मधून अर्धा मीटर कडेला सरकला. कोनाचा टॅन म्हणजे (७० × ०.५) भागिले (४०० × ०.४), उत्तर ०.२२. बोट साधारण १२ अंश कलली आणि त्या बाजूचा काठ १३ सेंटीमीटर खाली गेला. अजून १७ सेंटीमीटर शिल्लक, ठीक आहे.

आता "आला, आला, पकड!" असं ओरडत दुसराही त्याच बाजूला आला. टॅन झाला ०.४४, काठ २६ सेंटीमीटर खाली. उरले ४ सेंटीमीटर. आणि दोघं बसलेले नसून उभे राहिले तर? दोघांचं गुरुत्वमध्य सुमारे ३० सेंटीमीटर वर गेलं, म्हणून सगळ्या बोटीचं १० सेंटीमीटर वर गेलं, मेटासेंट्रिक उंची ०.४ वरून ०.३ वर आली. आता काठ ३५ सेंटीमीटर खाली जातो, म्हणजे पाण्याच्या खाली. सूत्र लहान कोनांसाठी आहे हे मान्य, पण पाणी आत आल्यावर कोन मोजायला कुणी थांबत नाही. दोन धडधाकट माणसं एका बाजूला उभी राहणं एवढंच लागतं.

हे कागदावरचं नाही. २१ मे २०२४ ला उजनीच्या बॅकवॉटरमध्ये कुगाव ते कळाशी जाणारी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि ६ जण गेले. एक जण पोहून काठाला लागला म्हणून बातमी तरी कळली. दोनच दिवसांनी, २३ मे ला, अकोले तालुक्यात सुगावजवळ प्रवरा नदीत बुडालेल्या मुलाचा शोध घेताना राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची बोट उलटली आणि दलाच्या ३ जवानांचा मृत्यू झाला. ही तुकडी आपल्या धुळ्याहून गेली होती. ज्यांचं कामच पाण्यातून माणसं काढणं, त्यांची ही गोष्ट. आपण तर हॉस्टेलच्या टाकीशिवाय पाणी न पाहिलेली पोरं.

हतनूरला आणखी तीन गोष्टी आहेत. पाण्याखाली बुडालेली झाडं आणि त्यांची खोडं, गुडघाभर वाटणारा पण कमरेपर्यंत ओढणारा गाळ, आणि जानेवारीच्या पहाटेची थंडी. आपल्या जिल्ह्यात तेव्हा पारा १० अंशांच्या आसपास असतो. अशा पाण्यात अचानक पडलं की दम लागतो, तोंडात पाणी जातं, चांगला पोहणाराही पहिल्या मिनिटात घाबरतो.

आजाराचा मुद्दा

अजून एक गोष्ट, जी भूतदयेच्या भरात विसरली जाते. पक्षी जखमी नसून आजारी असू शकतो. भारतात बर्ड फ्लूची पहिली साथ फेब्रुवारी २००६ मध्ये आपल्या खान्देशातच, नवापूरला सापडली. ती कोंबड्यांमध्ये होती. जानेवारी २०२१ मध्ये हिमाचलच्या पोंग जलाशयावर हजारोंच्या संख्येने पाणपक्षी मेले, त्यात पट्टकादंब सगळ्यात जास्त. राजस्थानच्या सांभर सरोवरावर नोव्हेंबर २०१९ मध्ये हजारो पक्षी गेले, ते बोटुलिझमने. तिथे मेलेल्या पक्ष्यांत अळ्या होतात, अळ्यांत ते विष असतं, त्या खाऊन दुसरे पक्षी मरतात. म्हणून मेलेले पक्षी लवकर उचलणं हाच मोठा उपाय होता. पण ते काम ग्लोव्हज, मास्क घालून, सरकारी देखरेखीखाली झालं.

म्हणून नियम सोपा ठेवा. एक पक्षी, दिसणारी जखम, जाळं किंवा मांजा अडकलेला, तर तो अपघात. जखम नसताना मान टाकलेले, लुळे पडलेले दोन-चार पक्षी एकाच ठिकाणी दिसले तर हात लावायचा नाही, फक्त फोन.

तर मग करायचं काय?

१. आधी १९२६ वर फोन. जागा, पक्षी, काय झालंय, फोटो. गावातल्या पक्षिमित्रांनाही कळवा.

२. सांगितल्याशिवाय पाण्यात उतरू नका. काठावरून नजर ठेवा, पक्षी कुठे जातोय ते बघत राहा. हेही मोठं काम आहे, कारण वनरक्षक आल्यावर पहिला प्रश्न तोच असतो.

३. बोटीने जायचं ठरलं तर ते वनखात्याने ठरवायचं आणि बोट त्या पाण्यात रोज फिरणाऱ्या माणसानेच चालवायची. प्रत्येकाच्या अंगात लाइफ जॅकेट, बांधलेलं. बोटीत ठेवलेलं जॅकेट बुडताना घालता येत नाही.

४. इंजिन असलंच तर लांबच बंद करा. शेवटचं अंतर वल्ह्याने. पक्ष्याला खोल पाण्याकडे ढकलू नका. बोट त्याच्या आणि खोल पाण्याच्या मध्ये ठेवून हळूहळू काठाकडे वळवा. तिथे लांब दांड्याची जाळी घेऊन एक जण थांबेल.

५. बोटीत एकाच माणसाने वाकायचं, तेही बसून. बाकीच्यांनी दुसऱ्या बाजूला बसून राहायचं. गणित वर दिलंच आहे.

६. पक्ष्यावर टॉवेल टाका, पंख अंगालगत धरा. बगळा, करकोचा असेल तर चोच सरळ डोळ्यावर येते, वर्कशॉपचा गॉगल घाला.

७. तोंडात पाणी, दूध, भात काही घालू नका. भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात, शांत जागी ठेवा. खोक्याभोवती गर्दी आणि सेल्फी नको. जाळं ओढून काढू नका, लागलं तर कात्रीने सभोवती कापा, बाकी पशुवैद्य बघतील.

८. जाळ्याचा कापलेला तुकडा परत पाण्यात टाकू नका.

त्या लालसरीचं काय झालं, असं विचाराल. फोननंतर साधारण दीड तासाने वनरक्षक आले. काका आणि ते वल्ह्याच्या नावेने गेले, आम्ही काठावर. पाऊण तासात त्यांनी तिला हळूहळू काठाच्या गवतात आणलं आणि जाळीत घेतलं. पंखाचं हाड मोडलेलं होतं. पशुवैद्यांनी उपचार केले, पण तिसऱ्या दिवशी ती गेली. रूममेट दोन दिवस चिडलेला होता. "मोटर घेतली असती तर दोन तास वाचले असते," हे त्याचं म्हणणं आजही कायम आहे. मी पशुवैद्यांना तसं विचारलं. ते म्हणाले की हाड सकाळपासूनच मोडलेलं होतं, जखमेत पाणी गेलेलं होतं, दोन तासांनी फरक पडला असता असं सांगता येत नाही. पाठलाग झाला असता तर ती टेबलापर्यंतही आली नसती.

मला दोघांचंही बोलणं समजतं. डोळ्यांसमोर जीव तडफडतो तेव्हा काठावर बसून राहणं फार कठीण जातं. पण त्या दिवशी काकांनी नंतर तोच जाळ्याचा उरलेला भाग पाण्यातून शोधून काढला. जवळजवळ बारा-पंधरा मीटर होता. त्यात एक मेलेली टिबुकली आणि दोन वारकरी होते, त्यातला एक जिवंत. तो सोडल्याबरोबर पाण्यावर पळत पळत उडाला.

म्हणून यंदा आमच्या ग्रुपने ठरवलंय की हिवाळा संपल्यावर, पाणी उतरलं की, मासेमारी करणाऱ्या मंडळींच्या मदतीने आणि वनखात्याला सांगून काठावरची टाकून दिलेली जाळी गोळा करायची. पायी चालत, उजेडात, कोरड्या जमिनीवर. याला मोटरबोट लागत नाही. लागतात फक्त पोती, कात्री आणि रविवारी लवकर उठणारी माणसं. स्टाफपैकी कुणी येणार असतील तर फारच उत्तम, कारण परवानगीच्या अर्जावर सही लागतेच! ज्यांना यायचंय त्यांनी हॉस्टेलच्या नोटीस बोर्डावरच्या कागदावर नाव लिहा.